शेजारची कुजबुज

नाटकाला जाताना माणसाने बरोबर काय न्यावे? आमच्या पुण्यात या प्रश्नाला घरोघरी वेगळे उत्तर मिळेल. कोणी शाल नेतो, कोणी खोकल्याच्या गोळ्या, तर कोणी नुसतीच मते. मी पडले मराठीची प्राध्यापिका, तेव्हा मी मते नेत असे. तिसरी घंटा होण्यापूर्वीच माझे निम्मे परीक्षण तयार असायचे!

२००४ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून पुण्यात आले. सासूसासरे दोघेही नाटकवेडे. त्यांचे लग्न १९६९ चे, म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर उघडल्याच्या दुसऱ्याच वर्षीचे. सासरे मोठ्या अभिमानाने सांगत, "बालगंधर्वांनी १९६२ साली स्वतःच्या हातांनी इथं भूमिपूजन केलं. पण १९६८ च्या जूनमध्ये रंगमंदिर उघडलं, तेव्हा ते नव्हते. आदल्याच वर्षी गेले. ज्यांना बघायला मिळालं नाही, त्यांच्या वतीनं आपण बघायचं!"

तेव्हा महिन्याला एक नाटक हा घरचा नेम होता. शिवाय डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. ध्वनिक्षेपकांवर रात्रीची बंधने आली आणि ती जागरणे संपली. पण रमणबागेत शाली पांघरून पहाटेची भैरवी ऐकल्याच्या गोष्टी सासूबाई अजून सांगतात.

लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा नाटकाला गेले, तो प्रसंग आठवला की आजही मान खाली जाते. नाटक नवे, गंभीर. मी तल्लीन होऊन बसले होते. शेजारी मात्र सासऱ्यांची अखंड कुजबुज! दर दोन-तीन वाक्यांना ते सासूबाईंच्या कानाशी वाकत. मागच्याने "शूऽऽ" केले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी येताना मी अगदी नम्रपणे म्हणाले, "बाबा, नाटक चालू असताना बोलू नये ना? नटांचंही लक्ष जातं."

सासरे नुसते हसले. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यानंतर आमची तिकिटे वेगळी निघू लागली. आम्ही नवराबायको पुढे आणि ते दोघे मागे, शेवटच्या रांगांत. मला वाटले, तरुण जोडप्याला मोकळीक दिली!

गंमत पाहा. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका असतात. पडदा वर जाईपर्यंत मुले 'आव्वाज कुणाचा' करून छप्पर डोक्यावर घेतात. विद्यार्थ्यांबरोबर मीही तिथे जाते. तो गोंगाट मला गोड वाटे आणि दोन माणसांची कुजबुज मात्र खुपे!

सासरे २०१९ मध्ये गेले. पुढच्या मार्चमध्ये साथीमुळे नाट्यगृहांना कुलपे लागली. ती निघाली, नाटके पुन्हा सुरू झाली, पण सासूबाई काही उठेनात. "गुडघे दुखतात," म्हणत. कधी, "टीव्हीवर दिसतं की सगळं," म्हणत. गेल्या दिवाळीत मी हट्टच धरला. तेव्हा हातातली करंजी मुरडता मुरडता त्या म्हणाल्या, "अगं, मला कुठं ऐकू येतं? पस्तिशीपासूनच कान गेलेत माझे. हे सांगायचे, म्हणून मला नाटक कळायचं. संगीत नाटकाची गोष्ट वेगळी, 'सौभद्र' मला पाठच आहे. नवीन नाटकात मी काय करू?"

माझ्या हातातले लाटणे थांबले. वीस वर्षे एका घरात राहून मला वाटे, त्यांना मोठ्याने बोललेलेच आवडते!

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी त्यांना बालगंधर्वला घेऊन गेले. नाटक विनोदी होते. पहिला हशा उसळला तेव्हा सासूबाई माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि वाक्य सांगितले. मग दुसरे. मग तिसरे. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने वळून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. ती माझीच होती.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मी त्याला गाठले आणि म्हटले, "माफ करा हं. आमच्या आईंना कमी ऐकू येतं."

तो चटकन म्हणाला, "अहो काकू, मग आजींना घेऊन तुम्ही आमच्या जागेवर बसा. कडेच्या खुर्च्या आहेत, जवळूनही दिसेल. आम्ही मागे बसतो."

इतकेच! एवढे साधे वाक्य मला तेव्हा सुचले नव्हते. आणि मी भाषा शिकवते.

घरी परतताना मी विचारले, "आई, जमलं का हो मला?"

"जमलं थोडंफार," त्या म्हणाल्या, "पण तू फार शिकवतेस बाई! हे नुसता विनोद सांगायचे. तू त्याचा अर्थही सांगतेस. तोवर पुढचा हशा निघून जातो."

वर्षभर सराव केला आहे. आता अर्थ गाळून नुसते वाक्य सांगायला मी शिकले आहे. आणि खरे सांगू? दुसऱ्याला सांगायचे म्हणून ऐकताना प्रत्येक वाक्य असे कान देऊन ऐकावे लागते, की परीक्षणाला सवडच उरत नाही. मते हल्ली घरीच राहतात.

या दिवाळीचीही दोन तिकिटे काढून ठेवली आहेत, कडेची. तुम्हीही कुठे सहकुटुंब नाटकाला जाल. शेजारच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, तर "शूऽऽ" करण्यापूर्वी एकदा वळून पाहा. कदाचित तिथे कोणी बोलत नसेल. कोणी कोणाला नाटक दाखवत असेल.