थांबलेलं पाणी

आयसीयूत ड्यूटी बदलते तेव्हा ओव्हर घेणारी सिस्टर पलंगाशेजारी खाली ठेवलेल्या एका बाटलीपाशी वाकते. पेशंटच्या बरगड्यांमधून निघालेली नळी त्या बाटलीतल्या पाण्यात बुडालेली असते. वॉर्डाच्या भाषेत ही 'आयसीडी'. सिस्टर आधी बघते ते नळीतलं पाणी हलतंय का.

मुळात हे पाणी कशाला? फुफ्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरा. दोघांमधल्या फटीत जेमतेम दोन-तीन चमचे द्रव असतो आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी. त्या कमी दाबामुळे फुफ्फुस फुललेलं राहतं. बरगडी मोडून किंवा आजारामुळे तिथे हवा, रक्त वा पू साठला, की फुफ्फुस आकसतं. साठलेलं बाहेर काढायचं, पण बाहेरची हवा आत शिरू द्यायची नाही, असा हा पेच. नळीचं टोक साधारण 2 सेंटिमीटर पाण्याखाली ठेवलं की तो सुटतो. आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाते, परत फिरत नाही. हॅम्बुर्गचे डॉक्टर गॉटहार्ड ब्युलाउ यांनी एकोणिसाव्या शतकात ही युक्ती छातीत पू झालेल्या रुग्णांसाठी वापरली. आजच्या बाटलीचं तत्त्व तेच आहे.

पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर श्वास आत जाताना नळीतलं पाणी वर चढतं, सोडताना उतरतं. व्हेंटिलेटरवर याच्या उलट होतं, कारण मशीन हवा आत ढकलतं. हे ठाऊक नसलेली नवी सिस्टर उगाच घाबरते.

खरी कसोटी पाणी थांबतं तेव्हा लागते. फुफ्फुस पूर्ण फुललं तरी पाणी थांबतं आणि नळी तुंबली तरीही. म्हणून जाणती सिस्टर बाटली सोडून आधी पेशंटकडे वळते. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, छाती दोन्हीकडे सारखी हलते का, हे बघते. नळीभोवतीची कातडी बोटांनी दाबते. कुरकुर लागली तर हवा कातडीखाली पसरते आहे. मग ड्रेसिंगपासून बाटलीपर्यंत नळीवरून हात फिरवते. नळीला पीळ बसलाय का, ती अंगाखाली दबली आहे का, लोंबत्या झोळात रक्त साचलंय का? सक्शन लावलेलं असेल तर त्यानेही पाण्याची हालचाल दिसेनाशी होते, म्हणून डॉक्टरांना विचारून ते क्षणभर थांबवून बघायचं. गुठळी काढायला नळी चिमटीत धरून जोराने ओढत नेण्याची जुनी सवय मात्र सोडलेली बरी. त्याने आत फार मोठी ओढ निर्माण होते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

बुडबुड्यांचंही तसंच. खोकल्यावर चार बुडबुडे आले तर साठलेली हवा निघते आहे. सतत येत राहिले तर हवा फुफ्फुसातून गळते आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. सांधे तपासणं सिस्टरच्या हातात असतं, बाकीचं डॉक्टरांना लगेच कळवायचं.

सीटी स्कॅनला नेताना 'पाणी सांडेल' म्हणून नळीला क्लॅम्प लावण्याचा मोह होतो. गळती चालू असेल तर हवा आतच कोंडते, दाब वाढून हृदयालाही रेटते आणि पेशंट वाटेतच कोसळू शकतो. क्लॅम्प न लावता बाटली उभी आणि छातीच्या बरीच खाली धरायची. वर उचलली तर पाणी छातीत परततं.

मोजमापात साधी वजाबाकी चुकते. बाटलीत आधीच 500 मिली पाणी होतं आणि पातळी 820 वर आली, तर निचरा 320 मिली. म्हणून पट्टीवर वेळ लिहून खूण करायची. छातीला मार लागलेल्या पेशंटचं रक्त तासाला 200 मिली या वेगाने दोन-तीन तास येत राहिलं, तर सर्जनला बोलवायलाच हवं. भरभर येणारं रक्त एकाएकी थांबलं तर हायसं वाटून घेऊ नये. आधी नळीत गुठळी शोधावी.

शेवटी उरते नोंद. केसपेपरवर नुसतं 'पाणी हलत नाही' लिहिलं, तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. 'नळीला पीळ नाही, सक्शन थांबवून पाहिलं, हवा दोन्हीकडे सारखी जाते, बुडबुडे नाहीत' एवढं लिहिलेलं असेल, तर राउंडला आलेले डॉक्टर एक्स-रे मागवून नळी काढायचा विचार सुरू करू शकतात.