दहा कारभाऱ्यांची काउंटी

वॉशिंग्टन डीसीची हद्द संपली, पोटोमॅक नदी ओलांडली, आर्लिंग्टन मागे टाकलं की फेअरफॅक्स काउंटी लागते. मग ती संपतच नाही. बैठी घरं, कापलेली हिरवळ, चर्च, शाळा, पुन्हा घरं, मध्येच टायसन्सचे काचेचे मनोरे आणि पुन्हा घरं. जवळपास हजार चौरस किलोमीटरचा हा पसारा. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती साडेअकरा लाख भरली. व्हर्जिनिया राज्यात दुसऱ्या कुठल्याही काउंटीत किंवा शहरात इतकी माणसं राहत नाहीत.

आणि एवढ्या माणसांना महापौर नाही, कारण हे शहरच नाही. हर्नडन, व्हिएन्ना आणि क्लिफ्टन ही तीन छोटी गावं आपापला महापौर आणि कौन्सिल बाळगून आहेत. पण रेस्टनसारख्या साठ हजारांच्या वस्तीला नगरपालिका नाही, टायसन्सलाही नाही. सगळा कारभार एका मंडळाकडे, बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे. नऊ मतदारसंघांतून नऊ जण आणि साऱ्या काउंटीने मिळून निवडलेला एक अध्यक्ष. एकूण दहा.

हिशेब करायचा मोह आवरत नाही. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईची वस्तीही साधारण एवढीच होती आणि तिथे नगरसेवकांच्या जागा १११. इथे एकेका सुपरवायझरच्या वाट्याला सव्वा लाखाहून जास्त लोक येतात. नगरसेवक कमी म्हणून नाक मुरडणार होतो, तेवढ्यात आठवलं की नवी मुंबईत मे २०२० मध्ये मुदत संपल्यावर १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकच होता. फेअरफॅक्समध्ये दर चार वर्षांनी, विषम वर्षाच्या नोव्हेंबरात, निवडणूक ठरलेली. मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. कोविड असो की आणखी काही.

काउंटीचं मुख्यालय, म्हणजे गव्हर्नमेंट सेंटर, १९९२ मध्ये उघडलं. झाडीत लपलेली, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखी वळत गेलेली भलीमोठी इमारत. खर्च पाहून तेव्हाच्या टीकाकारांनी तिला ‘ताजमहाल’ म्हणायला सुरुवात केली. आग्रा पाहिलेल्या माणसाला ते काही पटायचं नाही. फार तर हिंजवडीतलं एखादं ऑफिस. बाहेर मैलभर पार्किंग. बस येते, पण बसने येणारा मी एकटाच होतो.

बोर्डाची बैठक मंगळवारी असते. सभागृह प्रशस्त, खुर्च्या मऊ, आणि बहुतेक रिकाम्या. विषय एका जागेच्या झोनिंगचा होता. बोलू इच्छिणारा नागरिक आधी नाव नोंदवतो, नाव पुकारलं की पुढच्या माइकपाशी जातो आणि समोरच्या घड्याळात सेकंद उलटे पळू लागतात. एक वयस्कर गृहस्थ आपल्या कुंपणालगतच्या ओक वृक्षांविषयी बोलत होते. नकाशा, फोटो, पावसाचं पाणी कुठून वाहतं त्याची बाणांची चित्रं, सगळं घेऊन आलेले. वेळ संपली तेव्हा तिसऱ्या झाडावर होते. अध्यक्षांनी आभार मानले, ते कागद गोळा करत जागेवर गेले. आवाज चढला नाही, कुणी राजदंड पळवला नाही. खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं वाटलं.

हर्नडनला राहणाऱ्या, मूळच्या डोंबिवलीच्या एक ताई दर निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतात. सहाला मतदान सुरू, म्हणून पाचला हजर. त्यांना विचारलं, इथल्या लोकांना आपला सुपरवायझर माहीत असतो का?

“अहो, कसला माहीत! राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला रांग दाराबाहेर जाते. बोर्डाची निवडणूक असली की आम्ही दुपारी डबे उघडून गप्पा मारत बसतो.”

“मग लोक तक्रार कुणाकडे करतात?”

“करतात ना, सुपरवायझरकडेच. रस्त्यात खड्डा पडला म्हणून. आणि रस्ते त्यांचे नसतातच!”

हा प्रकार गमतीचा आहे. व्हर्जिनियात १९३२ च्या कायद्याने जवळपास सगळ्या काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले. त्यामुळे घरासमोरचा खड्डा राज्याच्या वाहतूक खात्याचा. सुपरवायझर फार तर फोन लावतो. त्यावर इथे डिलन नियम चालतो: राज्याने दिले असतील तेवढेच अधिकार काउंटीला, त्यापलीकडे एक पाऊल नाही. वर्षाला अब्जावधी डॉलरचा अर्थसंकल्प, त्यातला अर्ध्याहून अधिक सार्वजनिक शाळांना. शाळांसाठी बारा जणांचं वेगळं निवडलेलं मंडळ, पण त्याला कर लावता येत नाही. पैसे मागायला त्याने या दहा जणांकडेच यायचं. आणि हे दहा जण हात घालणार तो घरपट्टीत. १०० डॉलर किमतीमागे साधारण १.१२ डॉलर. सात लाख डॉलरचं घर असेल, आणि इथे ते राजवाडा नसतं, तर वर्षाला जवळपास आठ हजार डॉलर. ताईंच्या डोळ्यांत हा आकडा सांगताना जे दिसलं, त्याला पक्षभेद नाही.

इतिहास थोडक्यात. काउंटी १७४२ ची. जुनं कोर्ट १८०० चं, विटांचं, कमानींचं. जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र इथल्याच दप्तरात. हे कोर्ट ज्या फेअरफॅक्स शहरात आहे ते १९६१ पासून काउंटीतून फुटून स्वतंत्र झालं, त्यामुळे काउंटीचं कोर्ट परक्या शहराच्या मधोमध बेटासारखं उरलं आहे.

मला मात्र या सगळ्यापेक्षा एका म्हाताऱ्या बाईने जास्त गुंतवलं. काउंटीच्या दक्षिण टोकाला, रिचमंड हायवेच्या कडेला गम स्प्रिंग्ज नावाची वस्ती आहे. वॉशिंग्टन घराण्याच्या गुलामीतून सुटलेल्या वेस्ट फोर्ड या कृष्णवर्णीय माणसाने १८३३ मध्ये इथे जमीन घेतली, भोवती वस्ती वाढली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ॲनी हार्पर इथे राहत होत्या. आयुष्यभर लोकांच्या घरची कामं केलेल्या, निवृत्त, सरकारी पेन्शनवर दिवस काढणाऱ्या. व्हर्जिनियात तेव्हा मतदानाला कर होता, वर्षाला दीड डॉलर. नुसता या वर्षीचा भरून भागत नसे. मागच्या तीन वर्षांचा भरलेला हवा, तोही निवडणुकीच्या सहा महिने आधी. १९०२ च्या राज्यघटनेत हा कर घातला गेला तो कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवण्यासाठी. गरीब गोरेही त्यात आपसूक गळाले.

१९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने हा कर गेला, पण फक्त केंद्राच्या निवडणुकांपुरता. म्हणजे हार्परबाईंना राष्ट्राध्यक्ष फुकट निवडता येणार होता. शाळा, पाणी, पोलीस ज्यांच्या हाती, त्या आपल्या काउंटीच्या कारभाऱ्याला निवडायचं तर मात्र पैसे मोजा. बाई कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या. २४ मार्च १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: मताधिकाराचा आणि ऐपतीचा संबंध जोडता येणार नाही. देशात जिथे जिथे असा कर उरला होता तिथला तो उठला. दीड डॉलरची केस, फेअरफॅक्सच्या एका मोलकरणीच्या नावाची.

गव्हर्नमेंट सेंटरच्या स्वागतकक्षात मी हार्परबाईंविषयी विचारलं. तिथल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला पर्यटनाची पुस्तिका दिली. पुस्तिकेत वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन होतं, मॉल होते.

काउंटीच्या दक्षिणेलाच लॉर्टनमध्ये मताधिकाराच्या लढ्याची दुसरी जागा आहे. व्हाइट हाउससमोर मताधिकाराचे फलक घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना १९१७ मध्ये इथल्या ऑकोक्वान वर्कहाउसमध्ये डांबलं. १४ नोव्हेंबरच्या रात्री पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली. त्यांच्यातल्या लूसी बर्न्सचे हात डोक्यावर गजांना बांधून ठेवले. तुरुंग २००१ मध्ये बंद पडला, मग काउंटीने जागा घेतली, आणि आता तुरुंगाच्या विटांच्या बराकींत चित्रकार, काच ओतणारे, कुंभार बसतात. लूसी बर्न्सच्या नावाचं संग्रहालयही आहे.

एका कुंभाराच्या खोलीत मी जरा जास्तच रेंगाळलो. चाकावरून उतरवलेला वाडगा अर्धवट वाळला होता. त्याने तो उलटा टेकवला, बोटाने टिचकी मारून जाडी ऐकली आणि तारेच्या कोरणीने बुडाची माती सोलू लागला. मातीच्या लांब सळसळत्या पट्ट्या निघत होत्या. “या भिंतींच्या विटा कैद्यांनीच पाडल्या,” तो हात न थांबवता म्हणाला. “त्यांची एक जुनी भट्टी अजून पार्कात उभी आहे, घुमटासारखी. जाऊन पाहा.” जागेची मालकी काउंटीची, म्हणून सुपरवायझर कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. छताच्या गळतीपासून दिव्यांपर्यंत त्याच्याकडे तक्रारींची यादीच होती.

बोलता बोलता विषय कॉफीवर आला आणि तो एकदम तापला. त्याने खिशातून चुरगळलेली पावती काढून टेबलावर सपाट केली. विक्रीकर सहा टक्के आणि खाली नवी ओळ: खाद्यकर चार टक्के. हा कर लावू का, असं काउंटीने मतदारांना १९९२ मध्ये विचारलं, ते नाही म्हणाले. २०१६ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. २०२० मध्ये राज्याने कायदा बदलला आणि विचारायची अटच काढून टाकली. २०२५ च्या मेमध्ये बोर्डाने तो मंजूर केला आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू केला. घरपट्टीवरचा भार हलका करायचा तर दुसरा मार्ग कुठे आहे, हे बोर्डाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, डिलन नियमाने त्यांचे बाकीचे खिसे शिवूनच टाकलेत. बोर्डावरचे एकमेव रिपब्लिकन पॅट हेरिटी, ज्यांचे वडील जॅक हेरिटी एके काळी याच बोर्डाचे अध्यक्ष होते, ते विरोधात होते. कुंभार त्यांच्या पक्षाचा नाही. तरी यंदाच्या अर्थसंकल्पाच्या सुनावणीला त्याने नाव नोंदवलं, पावती घेऊन गेला आणि आपली मिनिटं बोलून आला.

“काही फरक पडला?” मी विचारलं.

“नाही. पण नाव मिनिट्समध्ये लागलं,” तो म्हणाला आणि वाडगा सुलटा करून फळीवर ठेवला. “आता २०२७.”