मिरगाच्या आधी येणारी पिल्ले

रत्नागिरीत मांजराच्या पिलांचा हंगाम आंब्याला लागूनच येतो. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. गर्भकाळ नऊ आठवड्यांचा. म्हणजे फेब्रुवारीत गाभण राहिलेली एप्रिलमध्ये विते आणि पिल्ले धडपणे पळू लागतात तोवर मिरग दारात येऊन ठेपलेला असतो. गडग्याच्या भोकात, लाकडांच्या खोपीत, बंद घराच्या माळ्यावर घातलेली ही पिल्ले पहिल्या सरीला उघडी पडतात. 2020 सालापासून त्यांतली काही आमच्या पडवीत वस्तीला येत आहेत. पाळायला नव्हे, घर मिळेपर्यंत सांभाळायला.

सुरुवात टाळेबंदीत झाली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले. मंडणगड-दापोलीतल्या बागा आडव्या झाल्या, रत्नागिरी शहरातही झाडे आणि कौले पडली. त्या आठवड्यात डोळे न उघडलेली पिल्ले आमच्याकडे आली तेव्हा कुरिअर बंद होते, पिलांच्या दुधाची पावडर मुंबईहून येण्याची सोय नव्हती आणि डॉक्टर फोनवरच भेटत. सांभाळण्याची बाराखडी आम्ही तशी फोनवरच शिकलो.

तिचा पहिला धडा म्हणजे आधी ऊब, मग दूध. पहिले तीन-चार आठवडे पिलाला स्वतःचे अंग गरम राखता येत नाही, आणि गार पडलेल्या पिलाला दूध पाजले तर ते पचत नाही, उलट जिवावर बेतते. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून विजेच्या गादीपेक्षा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली भरवशाची. आंब्याच्या लाकडी पेटीत जुनी गोधडी अंथरायची, बाटली एका बाजूला ठेवायची, म्हणजे उकडले तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकते. दूध पाजताना ते पोटावरच हवे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुफ्फुसात जाते. गाईच्या दुधाने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे दिवसभरात संपणे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचे, रात्रीसुद्धा. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचे, कारण आई चाटते तेव्हाच तान्ह्या पिलाला शी-शू होते.

काटा ही आमच्याकडची सर्वांत उपयोगी वस्तू ठरली. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचे असते आणि रोज 10 ते 15 ग्रॅमनी वाढायला हवे. वजन एक दिवस थांबले की लक्ष ठेवायचे, घटले की डॉक्टर गाठायचा. डोळ्यांना ते पिल्लू कालच्यासारखेच दिसते, काटा मात्र आधी सांगतो. एवढे करूनही काही पिल्ले जातात, विशेषतः पहिल्या आठवड्यात आलेली. हे काम अंगावर घेणाऱ्याने ते आधीच गृहीत धरावे.

2021 मध्ये मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले आणि जुलैत चिपळूण पुरात बुडाले. माणसांचेच हाल होते, तरी पिल्ले येतच राहिली. त्या वर्षाने शिकवले ते रोगांबद्दल. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो, एका पेटीतून दुसरीत जायला वेळ लागत नाही. त्याचा विषाणू फरशीत, कपड्यांत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागते. तेव्हापासून नवी पिल्ले दोन आठवडे वेगळी ठेवतो. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. घरातल्या औषधांबाबत एकच नियम: माणसाची गोळी नाही. पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे, आणि कुत्र्यांसाठीची पिसवांची काही औषधेही.

सगळीच पिल्ले अनाथ नसतात, हे कळायला मात्र वेळ लागला. मांजर पिलांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर त्यात तथ्य आहे: जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. मधल्या वेळात एखादे ओरडताना दिसले की लोक कळवळून उचलून आणतात. आता असा फोन आला की आम्ही सांगतो, पाऊस नसेल आणि कुत्र्यांचा धोका नसेल तर लांबून काही तास बघा. आईचे दूध आमच्या सिरिंजपेक्षा केव्हाही चांगले. दूध पाजणारी एखादी मांजरी ओळखीत असेल तर ती बहुधा परकी पिल्लेही सामावून घेते, तेवढे जमले तर आमची गरजच नाही.

खरी अनाथ पिल्ले बहुतेक माणसांनी केलेली असतात. मांजर मारणे मोठे पाप, म्हणून कोणी मारत नाही, पोत्यात घालून लांब सोडून येतात. रत्नागिरीत सोडण्याची आवडती जागा म्हणजे मिरकरवाडा बंदर. तिथे मासळी आहे, उपाशी मरणार नाहीत, असा हिशेब. पण हा हिशेब एप्रिल-मेपुरताच. 1 जूनला मासेमारीबंदी लागते, यांत्रिक नौका दोन महिने बंदरात राहतात, मासळी आटते आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. चाकरमान्यांच्या घरीही हेच. मे महिनाभर मुले मांजरीला दूध-भात घालतात, जूनमध्ये घराला कुलूप लागते, मांजरी पिलांसह मागे राहते.

पिलांना घरे मिळतात, पण बोक्यांना आधी. भाटी कोणाला नको असते, कारण ती पुन्हा विणार. ही भीती खरी आहे: चार-पाच महिन्यांची भाटी गाभण राहू शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा. त्यामुळे आम्ही भाटी देतो ती नसबंदीच्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घेणाऱ्यालाच, नाहीतर ती करूनच.

मांजरांनाही नसबंदी लागते हे कायद्यानेही उशिराच मान्य केले. 2001 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नावासकट कुत्र्यांपुरते होते. 2023 मध्ये ते बदलले आणि मांजरेही त्यात आली. कागदावरचे गल्लीपर्यंत यायला वेळ लागेल. गुरे आणि शेळ्यांवर रुळलेल्या आपल्याकडच्या पशुवैद्यकीय व्यवस्थेत मांजर अजून शेवटच्या रांगेत आहे.

इतक्या पावसाळ्यांनंतर मत पक्के झाले आहे. पिल्ले सांभाळणे हे चांगले काम असले तरी तो उपाय नव्हे. आम्ही एका पेटीतली पिल्ले घरी लावेपर्यंत गडग्यामागची एक भाटी दुसरे वेत घालते. म्हणून ज्यांच्या ओटीवर एखादी मांजरी रोज जेवायला येते, त्यांना एकच सांगणे: तिला नुसता भात घालू नका. पिल्ले सुटली की पहिल्या संधीला, दिवाळीनंतरच्या थंडीत तर नक्कीच, तिची शस्त्रक्रिया करून घ्या. पुढच्या मिरगाला आमची पेटी रिकामी राहिली तर त्याचे श्रेय तुमचे असेल.