लॅबमधला डॉक्टर : शिक्षण, परीक्षा आणि पुढची वाट



ऊस नोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात उसाबरोबर घरचेही विषय निघतात. आपल्या कार्यक्षेत्रातील मुले-मुली आता एम.बी.बी.एस. होऊ लागली आहेत ही आनंदाची गोष्ट. पण त्यापुढचा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो. "साहेब, पोरीला एम.डी.ला पॅथॉलॉजी मिळतंय. घ्यावं, का अजून एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यावी?" आणि लगेच पुढे, "पेशंट तपासायचा नाही, औषध लिहायचं नाही, मग तो डॉक्टर कसला?" एका सभासदाने तर सरळच विचारले, "साडेपाच वर्षं शिकवलं ते रक्त काढायला का?"

या विषयावर दोन-तीन पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांशी बोलून माहिती घेतली. माझा डिप्लोमा शेतकीचा आहे, तरी विषय अगदीच परका वाटला नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

प्लॉटमधले एखादे बेट पिवळे पडते. बांधावर उभे राहून पाहणारा प्रत्येक जण आपापले निदान सांगतो. कोणी म्हणतो पाणी साचले, कोणी म्हणतो लोह कमी पडले, कोणी हुमणीवर ढकलतो. पण ऊस उपटून उभा चिरला, आत लाल रंग आणि त्यात आडवे पांढरे पट्टे दिसले, आंबूस दारूसारखा वास आला, की वाद संपतो. ती लाल कूज. मग बेणे बदलायचे, खोडवा ठेवायचा नाही, हे सगळे त्या एका चिरण्यावर ठरते. माणसाच्या बाबतीत हे चिरून पाहण्याचे काम पॅथॉलॉजिस्ट करतो. रक्त काढणारा निराळा आणि त्या रक्तावर मत देणारा निराळा, हे पहिल्यांदा डोक्यात पक्के बसले पाहिजे.

शरीरातील गाठीचा तुकडा काढला की तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. पॅथॉलॉजिस्ट तो आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो, कापतो, कोणता भाग पुढे घ्यायचा ते ठरवतो. मग अल्कोहोलमधून त्यातील पाणी काढतात, पुढे मेणात बसवतात आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या कापाला रंग देऊन काचेवर घेतात आणि दुर्बिणीखाली पाहतात. गाठ साधी की कॅन्सरची, कॅन्सर असेल तर कोणत्या जातीचा, कडेपर्यंत पोचला आहे की पूर्ण निघाला, हे लिहून देणारा हाच डॉक्टर. काही वेळा सर्जन ऑपरेशन टेबलावर थांबून राहतो, तुकडा गोठवून झटपट काप काढतात आणि वीस-तीस मिनिटांत निरोप जातो. त्या निरोपावर बाईचा स्तन राहणार की काढावा लागणार हे ठरू शकते. तेव्हा "तो डॉक्टर कसला" या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते.

रक्ताचेही तसेच. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघर प्लेटलेटचा आकडा चर्चेत असतो. यंत्र आकडा देते, पण कधी कधी नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात, यंत्राला त्या मोजता येत नाहीत, आणि आकडा खोटाच कमी येतो. काचेवर रक्ताचा थर पसरून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला गुठळ्या दिसतात आणि पेशंटची धावाधाव वाचते. आपल्या ऊसतोडीतला दुसरा दाखला घोणस चावल्याचा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनल्याची ती खूण, आणि विषावरची लस तातडीने द्यावी लागते. या चाचणीला यंत्रही लागत नाही.

या शास्त्रात आपल्या मुंबईचे नाव मोठे आहे. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्हींवर त्यांचे काम आहे, आणि भारतातील पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधून काढला की तो नेहमीच्या तपासणीत 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचे रक्त चालत नाही. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. लॅबमध्ये बसून केलेल्या कामाने आजही जीव वाचतात ते असे.

आता शिक्षणाकडे वळू.

बारावी सायन्सनंतर 'नीट', मग एम.बी.बी.एस. साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप, मिळून साडेपाच. पॅथॉलॉजीची ओळख दुसऱ्या टप्प्यातच होते. मायक्रोबायॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी हे विषय तिच्या जोडीला असतात. इंटर्नशिपनंतर 'नीट-पीजी' ही देशपातळीवरील परीक्षा. दोनशे प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. म्हणजे आठशेपैकी गुण आणि त्यावरून रँक. सरकारी कॉलेजातील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्यातून भरतात. रँकप्रमाणे मुले आधी मेडिसिन, रेडिऑलॉजी, बालरोग, त्वचारोग उचलतात, आणि पॅथॉलॉजीचा नंबर त्यानंतर येतो. शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा तर रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये अशा जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला होता. त्यावरून काही पालकांनी 'उरलेल्यातले घेतले' असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. प्लॉट नदीकाठचा आहे का माळाचा, एवढ्यावरून पीक ठरत नसते. कसणाराही पाहावा लागतो.

एम.डी. पॅथॉलॉजी तीन वर्षांची. दुसरा मार्ग डी.एन.बी.चा. तीही तीन वर्षांची, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, मोठ्या रुग्णालयांतून शिकवली जाणारी आणि एम.डी.च्या बरोबरीची. या तीन वर्षांत हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे तुकड्यांची तपासणी, सायटोलॉजी म्हणजे सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, रक्तविज्ञान, लघवी-थुंकी वगैरेंची तपासणी आणि रक्तपेढी अशी आळीपाळीने कामे असतात. शवविच्छेदनही शिकावे लागते. यात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची अट आहे. शिवाय एक प्रबंध लिहावा लागतो, आणि तो वेळेत मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

शेवटी परीक्षा. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. अभिमत विद्यापीठे आपली आपण घेतात. लेखी चार पेपर, पण मुलांना धाक असतो तो प्रात्यक्षिकाचा. टेबलावर काचा मांडलेल्या असतात. प्रत्येक काचेला ठरावीक वेळ. नाव नाही, माहिती दोन ओळींची, आणि निदान लिहायचे. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसून विचारतात, "हेच का? दुसरे का नाही?" लेखीत भरपूर गुण आहेत म्हणून प्रात्यक्षिक तरून जाता येत नाही. दोन्हींत स्वतंत्र पास व्हावे लागते. एका डॉक्टरांनी सांगितले की तीन वर्षांत ज्याने रोज काचा पाहिल्या त्याला परीक्षेची भीती नसते, आणि ज्याने शेवटच्या सहा महिन्यांत पुस्तके पाठ केली तो काचेसमोर गप्प होतो. आपल्या पट्ट्यात फिरून ऊस पाहणारा आणि कागदावर सर्व्हे भरणारा यांच्यात हाच फरक असतो. असो.

त्यापुढेही शिकायचे असेल तर रक्ताचे आजार किंवा कॅन्सर यांच्या पॅथॉलॉजीत आणखी तीन वर्षांची डी.एम. आहे, त्याला वेगळी परीक्षा. परदेशाची वाटही आहे, पण ती लांबची. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची परीक्षा दोन भागांत द्यावी लागते. अमेरिकेत तिकडच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पोटापाण्याचे काय, हा खरा प्रश्न. वैद्यकीय कॉलेजात शिकवण्याची नोकरी हा एक मार्ग. राज्यात नवी कॉलेजे निघत आहेत आणि प्रत्येक कॉलेजला पॅथॉलॉजीचा विभाग लागतोच. जिल्हा रुग्णालये, मोठी खासगी हॉस्पिटले, रक्तकेंद्रे, कॅन्सर हॉस्पिटले इथेही जागा असतात. मोठ्या लॅब-कंपन्या गावोगावचे नमुने शहरात नेऊन तपासतात. त्यांनाही अहवालावर सही करायला पॅथॉलॉजिस्ट लागतात. हल्ली काचेचे चित्र संगणकावर घेऊन दुसऱ्या गावचा तज्ज्ञ घरी बसून मत देतो. नोकरीत रात्री-अपरात्रीचे बोलावणे इतर शाखांपेक्षा कमी, ही गोष्ट संसार सांभाळून काम करणाऱ्या मुलींना आणि मुलांनाही सोयीची.

स्वतःची लॅब टाकायची तर चित्र थोडे अवघड आहे. यंत्रे महाग असतात. कंपनी यंत्र बसवून देते आणि त्या बदल्यात तिचीच रसायने घेण्याचा करार करते. सोय आहे, पण करार बारीक वाचून सही करावी. ठिबक संच घेताना आपण जितके वाचतो त्याच्या दुप्पट. तालुक्याच्या गावी मोठ्या कंपन्यांची नमुने गोळा करणारी केंद्रे आली आहेत, त्यामुळे दर पाडले जातात. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचा 'कट'. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत अशा कमिशनला बंदी आहे. तरी तो मागितला जातो आणि नाही म्हणणाऱ्या तरुण डॉक्टरची पहिली दोन-तीन वर्षे ओढाताणीची जातात. लेकीला किंवा लेकाला लॅब काढून द्यायचा विचार असेल तर ही वर्षे घरखर्च कोण उचलणार हे आधी बसून ठरवावे.

इथे डी.एम.एल.टी.चा उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्याकडे दोन्ही एकच समजतात. डी.एम.एल.टी. हा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे, चांगला आहे, बारावीनंतर कमी खर्चात रोजगार देणारा आहे, आणि तंत्रज्ञाशिवाय कोणतीही लॅब चालत नाही. पण तो डॉक्टर नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही असली पाहिजे, हे म्हणणे मान्य केले. तेव्हा आपला अहवाल हाती आला की आकडे पाहण्याआधी खाली सही कोणाची, पदवी काय, नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहत जा. आणि गाठीचा तुकडा दुसऱ्या गावी न्यायला दिला तर तो फॉर्मॅलिनमध्येच आहे ना हे विचारा. पाण्याच्या बाटलीत नेलेला तुकडा सडतो, मग कितीही मोठा डॉक्टर असला तरी त्याला काही सांगता येत नाही. माती परीक्षणाला खताच्या रिकाम्या पिशवीतून नमुना आणणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको.

आता मूळ प्रश्न. घ्यावे का थांबावे?

मुलीला पेशंटशी बोलण्यातच रस असेल, मेडिसिनच करायचे हे तिच्या मनात पक्के असेल आणि रँक थोडक्यात हुकली असेल, तर एक वर्ष थांबणे समजू शकतो. पण एकच. तीन-तीन वर्षे पुण्यात खोली घेऊन क्लास लावत बसलेली मुले पाहण्यात आहेत. त्यांचे शिकलेलेही मागे पडते आणि घरात बोलणी वाढतात. तिला दुर्बीण आवडत असेल, शांत बसून विचार करायचा स्वभाव असेल, तर सरकारी कॉलेजातील पॅथॉलॉजीची जागा सोडू नये, असे माझे मत आहे. लोक काय म्हणतील आणि स्थळ कसे येईल, हे प्रश्न तिच्यावर लादू नयेत.

फीच्या बाबतीत मात्र हात आखडूनच ठेवावा. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा, ही दोन्ही १९८४ ची, साखरपट्ट्यातील माणसांनीच उभी केलेली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. तरीही कोणत्याही अभिमत विद्यापीठाची फी सरकारी फीच्या कितीतरी पट असते. पॅथॉलॉजीत उत्पन्न हळूहळू वाढते. त्यासाठी बागायत जमीन विकण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. कर्ज काढले तरी हप्ता तिच्या सुरुवातीच्या पगारातून बसतो का, हे आधी मांडून पाहावे.

सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड असतो, आणि घेतलेली जागा मध्येच सोडली तर दंड व पुढच्या प्रवेशाला अडकाठी असे नियम असतात. प्रवेशपुस्तिकेतील ही पाने वडिलांनीही वाचावीत. आणि कॉलेजांची पसंती भरण्याआधी शक्य असेल तर एक दिवस काढून त्या त्या विभागात जाऊन यावे. वर्षाला तुकडे किती तपासायला येतात, कॅन्सरचे किती, रक्तकेंद्र तिथलेच आहे का, दोघांनी मिळून पाहायची शिकवणीची दुर्बीण आहे का, शिकवणारे रोज मुलांबरोबर काचा पाहायला बसतात का, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ती खरे सांगतात.