तामण : मान फुलाला, बाजार पानाचा

तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. मान मोठा, ओळख मात्र बेताची. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला जांभळे तुरे उभे राहिले की लोक हौसेनं फोटो काढतात आणि खुशाल ‘जॅकरँडा’ म्हणून पाठवून देतात. जॅकरँडा दक्षिण अमेरिकेतला पाहुणा. तामण इथलाच, कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठानं आपसूक वाढणारा. मेंदी, डाळिंब आणि धायटी ही त्याची भावकी, तर सह्याद्रीतले नाना आणि बोंडारा हे अगदी सख्खे. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्टस मलाबारिकस’ या सतराव्या शतकातल्या डच ग्रंथात तो ‘अदांबो’ या नावानं आहे. पुढे १७५९ मध्ये लिनिअसनं या गटाला लागरस्ट्रोम या आपल्या स्वीडिश व्यापारी मित्राचं नाव दिलं. लागरस्ट्रोम पूर्वेकडून त्याला वनस्पतींचे नमुने मिळवून देई.

फूल एकदा हातात घेऊन पाहावं. सहसा सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीक देठ, कडा चुणीदार. पाकळ्यांखालचा हिरवट पेला लवदार आणि उभ्या कण्यांचा असतो. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. मध जवळजवळ नाहीच, माश्या येतात त्या परागासाठी. तुरा खालून वर उमलत जातो, त्यामुळे खालची फुलं विटून फिकी पडतात तेव्हा शेंड्याला अजून कळ्याच असतात. एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या चार छटा दिसतात त्या यामुळे. नंतर धरणारी बोंडं लाकडासारखी कठीण होतात, उकलून पंखवाल्या चपट्या बिया सोडतात आणि रिकामी टरफलं कित्येक महिने फांद्यांवरच राहतात. लाकूडही चिवट, पाण्यात टिकणारं. ब्रह्मदेशात ‘पिनमा’ म्हणून त्याला मोठा भाव होता, होड्याही त्याच्या होत.

औषध म्हणून तामणाचा बोलबाला झाला तो मात्र फिलिपिन्समधून, आणि फुलामुळे नव्हे. तिथे तो ‘बनाबा’. त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर आणि लघवीच्या तक्रारींवर घ्यायची जुनी रीत आहे. फाउस्तिनो गार्सिया यांनी १९४० मध्ये या काढ्यानं रक्तातली साखर उतरते असं प्रसिद्ध केलं. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जून पानं आणि पिकलेली फळं यांचा गुण जास्त, कोवळी पानं आणि फुलं यांचा कमी, असं त्यांना आढळलं. तोडणीची वेळ बदलली की औषध बदलतं, हे तेव्हाच दिसलं होतं. आज ‘बनाबा पावडर’च्या डब्यावर पान जून की कोवळं हे सहसा कोणी छापत नाही.

१९९३ मध्ये जपानी संशोधकांनी पानातल्या कोरोसोलिक आम्लाकडे बोट दाखवलं. रक्तातली साखर पेशींत शिरायला ते मदत करतं. पुढे पानातल्या लॅगरस्ट्रोमिनसारख्या टॅनिनांमध्येही हाच गुण दिसला, पण तो उंदरांच्या चरबीपेशींवर. म्हणजे कर्ता एकच की अनेक, हा वाद शिल्लक आहेच. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा. २००३ च्या एका बहुचर्चित चाचणीत मधुमेही होते अवघे दहा. दोन आठवड्यांत साखर साधारण ३० टक्के उतरली, पण ती तेलयुक्त मऊ कॅप्सूलनं. तोच अर्क कोरड्या भुकटीतून दिला तेव्हा घट २० टक्क्यांच्या आसपास राहिली. २००६ मध्ये ३१ जणांना १० मिलिग्रॅम कोरोसोलिक आम्ल देऊन ग्लुकोज पाजलं, तेव्हा दीड तासानंतरची साखर कमी भरली. आशा वाटावी असं हे काम आहे, गोळ्या बंद कराव्यात असं मुळीच नाही. चालू गोळ्यांच्या जोडीला डॉक्टरांना न सांगता असा अर्क घेतला तर साखर नको तितकी उतरू शकते. मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्यांनी तर याच्या वाटेला जाऊ नये.

खुद्द फिलिपिन्सच्या आरोग्य खात्यानं लोकांना सुचवलेल्या दहा औषधी वनस्पतींची एक यादी प्रसिद्ध आहे. तिच्यात पेरू आहे, लसूण आहे. मधुमेहासाठी त्या यादीत जागा मिळाली आहे ती कारल्याला, बनाब्याला नाही.