परदेशची जुनी मोटार आणि तिचा 'पडता'

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा गहू, हरभरा नि तूर यांवाचून आमच्यापाशी सांगण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आम्हांस पडला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभे आयुष्य इंदूरच्या छावणी धान्यबाजारात गेलेले. परंतु गेल्या दिवाळीनंतर आमच्याच कुटुंबात एक प्रश्न असा उपस्थित झाला की, त्याच्या उत्तरासाठी आम्हांस कायद्याची पाने चाळावी लागली आणि मुंबईच्या जाणत्यांचे उंबरठे झिजवावे लागले. आज आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले, जावई, भाचे-पुतणे परदेशी आहेत. हाच प्रश्न उद्या त्यांच्याही घरी निघेल. म्हणून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

आमचा भाचा इंग्लंडात नोकरीस होता. त्याने कळविले, "मामा, फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही कायमचे परत येत आहोत. मोटार दोन-सव्वादोन वर्षांचीच आहे, उत्तम चालते. येथे विकली तर कवडीमोल जाईल. ती बरोबर आणली तर कसे?" घरच्या मंडळींस ही कल्पना फार आवडली. आम्ही मात्र सवयीने पाटी-पेन्सिल पुढे ओढली. माल शेतावर कितीस मिळतो, यावर व्यापारी सौदा करीत नाही. भाडे, हमाली, तोलाई, बारदाना, मंडीशुल्क आणि घट धरून तो आपल्या गोदामात कितीस पडतो, हे पाहतो. त्यालाच आमच्या बाजारात 'पडता' म्हणतात. मोटारीचाही पडता काढला पाहिजे.

परदेशी मोटारीचे आकर्षण आपल्या शहरास नवे नाही. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३० च्या दशकातील ड्यूसेनबर्ग मोटार जगप्रसिद्ध आहे. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचे आणि वरची बांधणी लंडनच्या कारागिरांची. महाराजांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसिउस यांच्याकडून बांधून घेतलेल्या माणिकबाग राजवाड्यात आज केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कर-खात्याचे कार्यालय आहे. काळाचा महिमा पाहा! ज्या वास्तूत विलायती मोटारी दिमाखाने शिरत, तेथे आता कराचे कागद शिरतात.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारींची आयात जवळजवळ थांबली. वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तेवढीच काय ती वाट होती. पुढे १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. दार उघडले खरे. परंतु जगातील टाकाऊ गाड्यांचा लोंढा येथे येऊ नये आणि देशी कारखान्यांस धक्का बसू नये, म्हणून वापरलेल्या गाड्यांकरिता त्या दारास अटींची मजबूत चौकट बसविण्यात आली. प्रथम त्या अटी पाहू.

पहिली अट वयाची. गाडी तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. आणि ही तीन वर्षे मोजावयाची ती निर्मितीच्या तारखेपासून, खरेदीच्या नव्हे. येथेच पुष्कळांची फसगत होते. आमच्या भाच्याने गाडी घेतली नोव्हेंबर २०२३ मध्ये; परंतु कागद बारकाईने पाहता ती कारखान्यातून फेब्रुवारी २०२३ मध्येच बाहेर पडल्याचे दिसले. म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस ती जहाजावर चढेपर्यंतच तिची तीन वर्षे पुरी होणार. धान्य कोणत्या हंगामाचे आहे ते पोत्यावरील चिठ्ठीवरून ठरते, दुकानात ते केव्हा आले यावरून नव्हे. तसाच हा प्रकार.

दुसरी अट सुकाणूची. चालकाचे चाक उजव्या बाजूस हवे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून हा नियम. या एका अटीने अमेरिका, कॅनडा, जर्मनी, फ्रान्स आणि दुबई येथील नेहमीच्या गाड्या बाद होतात, कारण तेथे चाक डावीकडे असते. इंग्लंड, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांच्या गाड्या एवढ्यापुरत्या पात्र ठरतात. पुढील दिव्यांचा झोतही डावीकडून चालणाऱ्या रहदारीस साजेसा हवा आणि वेगदर्शक यंत्राने वेग किलोमीटरमध्ये दाखविला पाहिजे. इंग्लंडात रस्त्यावरचा हिशेब अद्याप मैलांचा आहे, हे तेथून गाडी आणू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरी अट तपासणीची. गाडी मोटार वाहन कायदा, १९८८ व त्याखालील नियमांस उतरली पाहिजे. जहाजावर चढण्यापूर्वी परदेशातील मान्य संस्थेचा दाखला घ्यावा लागतो. येथे उतरल्यावर, बंदरातून सोडवून घेण्यापूर्वी, पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) लष्करी वाहन-संशोधन संस्था यांसारख्या नेमलेल्या संस्थेकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय गाडी आयातीपासून पुढे पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि त्या काळात दुरुस्तीची सोय देशात उपलब्ध असेल, अशी हमी द्यावी लागते. आणि वापरलेली गाडी उतरवावयाची ती मुंबई बंदरातच; मनास येईल त्या बंदरात नव्हे.

या अटी मोडून गाडी आणली, तर कस्टम्स कायदा, १९६२ अन्वये ती जप्तीस पात्र ठरते. दंड भरून ती सोडविण्याची मुभा मिळेल किंवा मिळणारही नाही. आणि तोवर बंदरातील जागाभाडे दिवसागणिक चढत राहते.

आता कराकडे वळू. कर बसतो तो केवळ गाडीच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, जहाजभाडे आणि विमा या तिहींच्या बेरजेवर. जहाजभाड्याचा पुरावा नसेल, तर किमतीच्या २० टक्के भाडे धरले जाते. विम्याचा नसेल, तर १.१२५ टक्के. विनिमयदर धरावयाचा तो आपल्या बँकेचा नव्हे, कस्टम्स खात्याने जाहीर केलेला. "आम्ही तर मित्राकडून स्वस्तात घेतली" एवढे सांगून भागत नाही. पावतीवरील किंमत संशयास्पद वाटल्यास खाते ती नाकारू शकते आणि नव्या गाडीच्या किमतीतून वयोमानाप्रमाणे घसारा वजा करून आपली किंमत ठरविते.

वापरलेल्या मोटारीवर पूर्वी १२५ टक्के मूळ शुल्क व त्यावर अधिभार असे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले, तेव्हा वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांस हर्ष झाला. परंतु त्याच वेळी त्यावर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर बसविला गेला. शेतीच्या नावाचा उपकर मोटारीवर पाहून आम्हां धान्यवाल्यांस गंमत वाटली. पण बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे १३७.५ टक्के, राहिली. या सर्वांच्या बेरजेवर पुन्हा वस्तु-सेवाकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील भरपाई उपकर गेला; लहान गाड्यांस १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांस ४० टक्के असा दर झाला.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मोठ्या गाडीची मान्य किंमत, भाडे व विमा मिळून २० लाख रुपये झाले. ७० टक्क्यांप्रमाणे मूळ शुल्क १४ लाख. ६७.५ टक्क्यांप्रमाणे उपकर १३ लाख ५० हजार. बेरीज ४७ लाख ५० हजार. त्यावर ४० टक्के वस्तु-सेवाकर १९ लाख. एकंदर ६६ लाख ५० हजार. म्हणजे एका रुपयाच्या मालाचा पडता तीन रुपये साडेबत्तीस पैसे! गाडी लहान वर्गातील असती, तरी हाच आकडा ५६ लाख ५ हजारांवर जातो. याउपर बंदरातील हाताळणी, कस्टम्स दलालाचे मेहनताना, तपासणीसाठी पुणे वा अहिल्यानगरची वाहतूक, तात्पुरती नोंदणी, धुळे-सेंधव्यावरून इंदूरपर्यंतची मजल, येथील परिवहन कार्यालयात भरावयाचा आजीवन कर आणि विमा हे वेगळेच. दर बदलत असतात. म्हणून प्रत्यक्ष व्यवहाराच्या दिवशी परवानाधारक दलालाकडून ते लेखी घ्यावेत.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कायमचे परतणाऱ्यास घरसामानावर सवलत मिळते, मग मोटारही सामानातच येईल, असे पुष्कळांस वाटते. परंतु 'प्रवासी सामान' या शब्दाच्या व्याख्येतूनच कस्टम्स कायद्याने मोटार वाहने वगळली आहेत. दुसरा समज असा की, भेट मिळालेल्या गाडीस कर नसतो. सचिन तेंडुलकर यांस २००२ साली फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तेव्हा सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या शुल्काचा प्रश्न निघाला. सरकारने दिलेली माफी वादात सापडली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. एवढ्या कीर्तिमान पुरुषाच्या भेटीसही शुल्क सुटले नाही, हे आपण ध्यानी धरावे. परदेशी पाहुणा 'कार्ने' नावाच्या हमीपत्रावर आपली गाडी सहा महिन्यांपर्यंत शुल्काविना आणू शकतो. परंतु ती परत न्यावी लागते, येथे विकता येत नाही.

आता जे सांगावयाचे ते थोडे आमच्या कमीपणाचे आहे. परंतु सांगितलेच पाहिजे. २०२५ च्या पावसाळ्यात एक दलाल आमच्या पेढीवर परदेशी बनावटीची जुनी गाडी घेऊन आला. क्रमांक दूरच्या एका राज्याचा, गाडी चकचकीत, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. नातवंडे गाडीभोवती नाचू लागली. आम्हीही मोहास बळी पडलो आणि इसाराचे ५१ हजार रुपये तिजोरीतून काढून गादीवर ठेवले. तेवढ्यात आमचे वृद्ध मुनीमजी हळूच म्हणाले, "शेठजी, या मालाची बिल्टी कोठे आहे?" आम्ही चमकलो. ज्या माणसाने चाळीस वर्षांत बिल्टीवाचून एक पोते उतरवून घेतले नाही, तो बिल्टीवाचून मोटार घेण्यास निघाला होता! दलालापाशी नोंदणीपुस्तक होते. आयातीचे बिल ऑफ एंट्री व शुल्क भरल्याची पावती नव्हती. "चार दिवसांत आणतो" असे म्हणून तो गेला, तो आलाच नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात केरळात कस्टम्स खात्याने 'नुमखोर' नावाची मोहीम काढून, भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या. बनावट कागदांवर त्यांची दूरच्या राज्यांत नोंदणी झाल्याचे खात्याचे म्हणणे होते. त्यापूर्वी २०२१ साली परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांच्या नावे शुल्कमाफीने आणलेल्या उंची गाड्या इतरांस विकल्याचे प्रकरण महसूल गुप्तचर संचालनालयाने उघडकीस आणले होते. अशा प्रसंगी दलाल नाहीसा होतो. गाडी जाते आणि चौकशीस उभे राहावे लागते ते शेवटच्या खरेदीदारास. पैसा पुन्हा मिळविता येतो. परंतु पेढीच्या दाराशी खात्याची गाडी उभी राहिली म्हणजे तीन पिढ्यांची पत एका दिवसात उतरते.

म्हणून परदेशातून आलेली जुनी गाडी कोणी दाखविली, तर चार गोष्टी पाहाव्यात. बिल ऑफ एंट्री व शुल्काची पावती मूळ स्वरूपात आहे काय? त्यावरील सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळतो काय? पहिल्या नोंदणीच्या वेळी कस्टम्सचा मुक्तता-दाखला जोडला होता काय, आणि परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत तोच तपशील आहे काय? गाडी परराज्यातील असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर डळमळीत असेल, तर इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

आमच्या भाच्यास आम्ही हा सर्व हिशेब लिहून पाठविला. त्याने गाडी तेथेच विकली. मनासारखे पैसे आले नाहीत, म्हणून काही दिवस तो हळहळला. परंतु आल्यावर त्याच पैशात थोडी भर घालून त्याने येथेच तयार झालेली नवी गाडी घेतली. पहिल्या दिवशी मुनीमजींस तीत बसवून तो सराफ्यापर्यंत फिरवून आला. उतरताना मुनीमजींनी विचारले, "कागद सगळे घरी आले ना?" भाच्याने बिलाची घडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि मगच मिठाईचा तुकडा तोंडात टाकला.