बालगृहातील मूल तपासताना
पनवेलजवळ कळंबोली येथे ‘कल्याणी महिला बाल सेवा संस्थे’चे बालगृह होते. तेथील गतिमंद व मूकबधिर मुलींवर अत्याचार होत असल्याचे 2011 मध्ये उघडकीस आले. मुंबई उच्च न्यायालयाने अशा संस्थांच्या कारभारात लक्ष घातले होते, म्हणून. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने संस्थापकासह इतरांना दोषी ठरवले.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बालगृहाची दर तीन महिन्यांनी पाहणी व्हावी लागते आणि पथकात वैद्यकीय अधिकारी लागतोच. तो कशासाठी? वजन-उंची तर अधीक्षकही मोजतील! रत्नागिरीतील माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे एवढेच, की व्यवस्थापकांना खोलीबाहेर बसवा. ते शेजारी उभे असताना मूल ‘बरं आहे’ याखेरीज काय सांगणार? मुलींजवळ बाहेरची परिचारिका असावी. मूकबधिर मुलांसाठी खुणांची भाषा जाणणारा माणूसही बाहेरचाच हवा. नाहीतर ज्याच्याविरुद्ध सांगायचे, तोच दुभाषा!

अंगावर वळ शोधत बसू नये, पुष्कळदा ते नसतातच. मोठे मूल पुन्हा अंथरुण ओले करू लागते, पोट वारंवार दुखते, ठरावीक माणूस दिसताच अंग चोरते. यांची कारणे दुसरीही असू शकतात, पण नुसते जंताचे औषध देऊन मोकळे होऊ नये.

लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास संस्थाचालकांशी बोलून मग ठरवू, हे चालणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. डॉक्टरांनाही यातून सूट नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी 1098 हा फुकट क्रमांक रात्रीही चालू असतो.